आरेताचा निकाल

अलेक्झांड्रिया,
आर्तेमिसिओस महिन्याची दहावी

आरेताताईंना लीसिसचा नमस्कार, आणि घरातल्या देवांनाही.

आपण एकमेकांना पाहिलेलं नाही, पण मी तुम्हाला चांगला ओळखतो. तुमचा भाऊ दामारेत आणि मी बावीस वर्षं एकाच गल्लीत राहिलो. तो गेल्याचं पत्र गेल्या शरदात मीच धाडलं होतं. तुमचं उत्तर आलं नाही, मधाचा बुधला तेवढा आला आणि त्यावर 'समाधीसाठी' एवढंच लिहिलेलं होतं. तो मध मी समाधीवर ओतला. थोडा चाखलाही, खोटं कशाला बोलू. दामारेत ज्या मधाबद्दल आमचं डोकं खायचा तो हाच, हे जिभेला लगेच कळलं.

आता कामाचं. मी यूफ्रोन यांच्या नक्कलघरात काम करतो. त्यांनी दामारेतच्या कवितांची एक पपायरसची गुंडाळी करायचं मनावर घेतलं आहे. तुमच्या भावाच्या कवितांपैकी सातच हाती लागल्या. बाकीच्या त्याच्या घरमालकिणीने चूल पेटवायला वापरल्या. विचारलं तर म्हणाली, "छान पेटायच्या."

गुंडाळीच्या सुरुवातीला कवीचं चरित्र लागतं. बाप कोण, गाव कुठलं, कविता कुठून आली? इथले लोक एकच विचारतात: तो खरोखर शेळ्यामेंढ्या राखायचा का?

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. सातांमधली सर्वांत सुंदर कविता 'दोघांची पैज'. मेंढपाळ एक कडवं गातो, शेळीवाला दुसऱ्याने उत्तर देतो, अशी प्रत्येकी नऊ. मूळ प्रत हरवली, आमच्याकडे एका विद्यार्थ्याने उतरवलेली आहे. मेंढपाळाची कडवी निःसंशय दामारेतची. पण शेळीवाल्याची? भाषा रांगडी, चाल लंगडी, आणि पहिल्याच कडव्यात 'लेंड्या'! आमचा नियम असा, की ओळ कवीची नसावी अशी शंका आली की डाव्या बाजूला आडवी रेघ मारायची आणि स्वच्छ नकलेत ती ओळ गाळायची. त्या नऊही कडव्यांपुढे मी रेघ मारली आहे. त्या विद्यार्थ्याचाच चावटपणा असावा असं मला वाटतं. तुम्ही दुजोरा दिलात की काम पुढे नेतो.

सुखरूप असा.

लीसिस

*

आनापोस नदीच्या वरच्या अंगाला, आमच्या घरी,
जवाची मळणी आटोपल्याच्या दुसऱ्या दिवशी
(महिना तुझ्या हिशोबाने कुठला ते तूच बघ)

लीसिस बाळा,

तुझं पत्र खलाशाकडून सिराक्यूजला, तिथून मासेवाल्याकडे आणि मासेवाल्याकडून माझ्याकडे आलं. वास अजून गेलेला नाही. पहिल्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण लिहायला घेतलं की शाई वाळायची आणि मी तशीच बसून राहायचे. राग मानू नकोस.

चरित्र हवंय तर घे. बापाचं नाव फिलोन. पंचवीस-तीस शेळ्या, थोड्या मेंढ्या, ऑलिव्हची चाळीस झाडं. दामारेत थोरला, मी तीन वर्षांनी धाकटी. बाप त्याला अक्षरं शिकवायचा तेव्हा मी शेजारी लोकर विंचरत बसायचे, तशीच शिकले. आणि तो मेंढपाळ होता का म्हणतोस? अरे, त्याला बोकडाची भीती वाटायची! धार काढायला बसवला की शेळी हमखास बादलीत पाय घालायची. कच्च्या दुधाच्या वासाने त्याला मळमळायचं. आई म्हणायची, "हा पोरगा शेळ्यांना राखत नाही, शेळ्या याला राखतात." पण पाइनखाली उताणा पडून तो जे गुणगुणायचा ते ऐकायला खालच्या वाटेने जाणारे लोक थांबायचे. तुझ्या गुंडाळीत बोकडाचं लिहू नकोस हवं तर. पण खरं तेच आहे.

आणि त्या रेघा! वाचून माझं डोकंच फिरलं. शेळ्यांच्या कवितेत लेंड्या नसतील तर काय मोती असतील? तुम्ही तिकडचे लोक शेळी बघता ती ताटातच. ते कडवं मी अजून विसरलेले नाही. माझा भाऊ गायला:

पाइनखाली झरा झुळझुळे, वर मधमाश्यांचे गाणे;
तिची लागता चाहूल शेळ्या विसरून जाती खाणे.

त्यावर उत्तर:

चाहूल कसली, टोपलीत तिच्या हिरवागार पाला;
शेळीला ना प्रीत कळे, लेंड्या तुला नि मला.

आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. चाळीस वर्षं झाली त्याला. हे उत्तर काढलंस तर पहिलं कडवं नुसतंच गोडगोड उरतं, एवढंही कळत नाही का रे तुला?

तेव्हा नीट ऐक. अठराच्या अठरा कडवी माझ्या भावाची आहेत. मी तिथे होते. ती पैज गायली गेली तेव्हा पंच म्हणून मलाच बसवलं होतं. माझ्याहून मोठा साक्षीदार तुला कुठे मिळणार? रेघा खोडून टाक.

यंदा अंजिरं भरपूर आली आहेत. वाळवून पाठवीन.

आरेता

*

अलेक्झांड्रिया,
लोओस महिन्याची तिसरी

आरेताताई,

तुमचं पत्र मी यूफ्रोन यांना वाचून दाखवलं. बोकडाच्या गोष्टीला ते इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. मग म्हणाले, "हे चरित्रात नको." अगदी तुम्ही म्हणालात तसंच!

मला मात्र ती गोष्ट वाचून भरून आलं. कारण इथे दामारेतने शेवटची सहा वर्षं गच्चीवर एक शेळी पाळली होती. तिसऱ्या मजल्यावर! शेजारी रोज भांडायचे. आम्ही समजायचो, जन्माचा शेळीवाला, सवय सुटत नाही. ज्याला दुधाच्या वासाने मळमळायचं त्याने ती कशासाठी पाळली असेल, हे आता माझं मलाच कोडं पडलंय.

रेघांचं म्हणाल तर मी तुमच्या शब्दावर त्या आजच खोडल्या असत्या. पण यूफ्रोन अडून बसलेत. बाजारात खोट्या ओळींचा सुळसुळाट झाला आहे, त्यामुळे ते म्हणतात, "बहीण म्हणते ते खरं असेल, पण तिने शपथेवर सांगावं." तुमच्याकडे बायका दोन देवींची शपथ घेतात ना, मायलेकींची? त्यांच्या देवळात, दोन साक्षीदारांसमोर, वेदीला हात लावून एवढंच म्हणा: अठराही कडवी माझ्या भावाने रचली. त्याचा कागद कृत्तिका मावळायच्या आत, शेवटच्या जहाजाने आला पाहिजे. हिवाळ्यात आम्ही स्वच्छ नक्कल करायला बसू. कागद आला नाही तर शेळीवाल्याची कडवी गळतील, आणि माझ्या हातात काही राहणार नाही.

तुम्हाला काय, देवळात जाऊन यायचं. जाता जाता आमच्यासाठीही नमस्कार करा.

तुमचा,
लीसिस

ता. क. एका कडव्यात शेळीवाल्याला 'मिक्कोस' म्हटलंय. असं नाव खरंच असतं का तुमच्याकडे, की दामारेतने गमतीने ठेवलं?

*

आमच्या घरी,
ऑलिव्हची तोडणी सुरू झाली आहे

लीसिस,

देवळात गेले होते. शेजारच्या दोघी साक्षीला होत्या. हात पुढे केला आणि वेदीला लावता आला नाही. शेजारीण म्हणाली, "अगं, बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, ऊन लागलं. थंडीचे दिवस जवळ आलेत, तरी तिने मान डोलावली. बिचारी.

मी तुझ्याशी खोटं बोलले. देवीशी नाही बोलता येत.

मिक्कोस हे गमतीचं नाव नाही. तो माणूस आहे, जिवंत आहे. माझ्या बापाने त्याला डोंगरापलीकडच्या बाजारातून विकत आणला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. आमच्या शेळ्या तोच राखायचा. दामारेत मेंढ्या घेऊन जायचा तो नावाला, दोघांचं सगळं काम मिक्कोस करायचा. आणि दोघं दिवसभर एकमेकांना कडव्याला कडवं द्यायचे. ती नऊ कडवी त्याची आहेत. तू ओळखलंस ते बरोबरच होतं रे. फक्त ती वाईट आहेत हे तेवढं चूक.

पैज झाली ती दामारेत तुमच्याकडे निघायच्या आदल्या दिवशी. बापाने पाहुणे जेवायला बोलावले होते, चीज आणि कोवळं करडू होतं. जेवण झाल्यावर कुणीतरी म्हणालं, होऊन जाऊ दे. पंच असा हवा ज्याची त्यात शेळी नाही, म्हणून मला बसवलं. दामारेतने आईने प्रवासासाठी विणलेलं नवं पांघरूण पणाला लावलं. मिक्कोसकडे काय असणार? शेळ्या आमच्या, अंगावरचं कातडंही आमचंच. तो म्हणाला, "हरलो तर माझी गाणी तुझी. पुन्हा या डोंगरात म्हणणार नाही." सगळे हसले. गुलामाची गाणी ती काय, असं त्यांना वाटलं.

आठव्या कडव्यापर्यंत दोघं बरोबरीत होते. नववं दामारेत फार सुरेख गायला. त्यावर मिक्कोस उठून उभा राहिला आणि म्हणाला:

तू गेल्यावर तुझी काठी टेकून ठेवीन कुंपणाला;
शेळ्या तुझं विचारतील, काही हवं दाखवायला.

कुणी हसलं नाही. दामारेतने तोंड फिरवलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाप बघत होता, पाहुणे बघत होते. सतरा वर्षांची होते मी. मिक्कोस जिंकला होता. पण मालकाचा मुलगा गुलामाकडून हरला असं मी म्हणायचं, तेही तो दुसऱ्या दिवशी परदेशी निघालेला असताना? आणि आणखी एक. त्याला जिंकवलं तर माझ्या मनात काय आहे ते सगळ्यांना दिसेल, असं वाटलं. होतंच काहीतरी मनात. आता या वयात कुणापासून लपवू? मी भावाचं नाव घेतलं.

त्यानंतर चाळीस वर्षांत मिक्कोसने तोंडातून सूर काढलेला नाही. बापाने मरताना त्याला मोकळं केलं. वरच्या कुरणात झोपडी आहे, चीज निथळायच्या टोपल्या विणतो. दात सगळे पडलेत.

देवळातून निघाले ती तडक त्याच्याकडे गेले. म्हटलं, "मिक्कोस, तुझी गाणी तिकडे पुस्तकात जायची आहेत."

"माझी कुठली बाई? हरलो ना मी."

"नव्हता हरलास. मी खोटा निकाल दिला."

तो विणतच राहिला. "माहितेय की."

"माहितेय? कधीपासून?"

"तुम्ही दिलात तेव्हापासून. बोकडालाही कळलं असेल."

"मग चाळीस वर्षं गप्प का बसलास?"

"कुणाला सांगू? पंच तुम्ही. तुमच्या वडिलांसमोर बोललो असतो तर पाठीची सालटी निघाली असती." मग म्हणाला, "आणि तो जिंकून गेला ते बरंच झालं, बाई. हरून गेला असता तर तिकडे काय गायला असता?"

मला रडू फुटलं. तो म्हणाला, "रडता कशाला, वेत भिजतोय." वेत आधीच भिजवलेला होता. मेला, अजून तसाच आहे.

तुझ्या रेघांचं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाव कुणाचंही घाला. लेंड्याही काढा हवं तर. फक्त काठीचं ते ठेवा म्हणावं. ते त्याच्यासाठी केलं होतं."

आता तू ठरव. खरं लिहिलंस तर कडवी जातात, आणि खोटं मला वदवत नाही. शेवटचं जहाज परवा सुटतंय.

आरेता

*

अलेक्झांड्रिया,
क्सांदिकोस महिन्याची एकोणिसावी

आरेताताई,

तुमचं पत्र मिळालं आणि पाठोपाठ हिवाळ्यासाठी समुद्र बंद झाला. चार महिने उत्तर देता आलं नाही. एका परीने बरं झालं, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतंच.

पत्र मी यूफ्रोन यांच्यापासून लपवायचं ठरवलं होतं. महिनाभर लपवलंही. मग राहवेना. शेवटी सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झालं तर मग. ओळी कवीच्या नाहीत. गाळा." मी लेखणी उचलली खरी, पण काठीच्या कडव्यापाशी हात थांबला. आणि एकदम सुचलं. मी म्हटलं, "मालक, पैजेत लावलेली वस्तू कुणाची?"

"जिंकणाऱ्याची. त्यात काय विचारायचं?"

"मिक्कोसने गाणीच लावली होती. पंचाने निकाल दामारेतच्या बाजूने दिला. मग ती कडवी दामारेतची झाली की नाही?"

"पण निकाल खोटा होता म्हणते ना ती!"

"खोटा असेल. पण फिरवला कुणी? चाळीस वर्षांत कुणी हरकत घेतली नाही. मिक्कोसने तर पाळलासुद्धा."

यूफ्रोन यांनी तरुणपणी कोर्टात भाषणं लिहून दिलेली आहेत. असली गोष्ट त्यांना जेवणापेक्षा प्रिय. दोन दिवस त्यांनी मला उलटसुलट प्रश्न विचारले, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने नऊही रेघा खरवडून काढल्या.

तेव्हा ताई, तुम्ही ज्या निकालासाठी स्वतःला इतकी वर्षं कोसत आलात, त्यानेच ही कडवी वाचवली. पण एक किंमत आहे, ती सांगितली पाहिजे. तो निकाल आता तसाच ठेवावा लागेल. तुम्ही तो जाहीरपणे फिरवलात तर यूफ्रोन पुढच्या नकलेत कडवी काढतील, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. गुंडाळीवर एकच नाव आहे, दामारेतचं. समासात मात्र गाणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे, तिथे मी नऊ वेळा 'मिक्कोस' लिहिलं आहे. वाचणारे समजतील की कवीने कल्पिलेला शेळीवाला आहे. नाव राहील, पण माणूस होता हे कुणाला कळणार नाही. मला एवढंच जमलं. त्याची क्षमा मागा माझ्या वतीने.

आणि गच्चीवरचं सांगायचं राहून गेलं. दामारेत संध्याकाळी त्या शेळीपाशी बसून गायचा. एक कडवं म्हणायचा आणि थांबायचा. बराच वेळ. मग दुसरं म्हणायचा, पुन्हा थांबायचा. आम्ही खालून ओरडायचो, "विसरलास का रे म्हाताऱ्या?" तो नुसता हसायचा. तुमचं पत्र वाचल्यावर मला कळलं की तो विसरत नव्हता. मला त्या ओरडण्याची फार लाज वाटते.

या पत्राबरोबर एक गुंडाळी पाठवतो आहे. पहिली नक्कल तुमची.

लीसिस

*

आमच्या घरी,
द्राक्षवेलींची छाटणी चालू आहे

लीसिस बाळा,

गुंडाळी पोचली. मेणकापडात बांधलीस म्हणून माशांच्या वासातून वाचली. तुझं अक्षर छान आहे.

तू म्हणतोस तसं करीन. निकाल मी फिरवणार नाही. माझं ओझं उतरायचं म्हणून त्याची गाणी कशाला बुडवू? गावात कुणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. कठीण जातंय, पण करीन.

दुसऱ्याच दिवशी गुंडाळी घेऊन वर कुरणात गेले. मिक्कोसला आधी तुझं पत्र वाचून दाखवलं. नावाचं ऐकून म्हणाला, "नऊ वेळा? बापरे, शाई किती गेली असेल." गच्चीवरचं वाचलं तेव्हा मात्र त्याने हातातली टोपली खाली ठेवली.

मी म्हटलं, "तुझी कडवी वाचू का?"

"माझी कशाला? मला पाठ आहेत. त्याची वाचा."

मी दामारेतचं पहिलं कडवं वाचलं. झऱ्याचं, मधमाश्यांचं. वाचून संपलं आणि मिक्कोसने घसा खाकरला. मी म्हटलं, "अरे, तू तर पुन्हा म्हणणार नाही म्हणाला होतास ना?"

तो म्हणाला, "त्याने कडवं टाकलंय, बाई. टाकलेल्या कडव्याला उत्तर द्यायचं नाही हा आमच्यात फार मोठा अपमान असतो. आधीच किती वाट बघायला लावली त्याला."

आणि तो गायला. दात नाहीत, आवाज चिरका, पण एक शब्द चुकला नाही. मी भावाचं वाचत गेले आणि तो उत्तर देत गेला. काठीचं कडवं तो समुद्राच्या दिशेला तोंड करून म्हणाला.

मग माझ्याकडे बघत राहिला, त्या दिवशी सगळे बघत होते तसा. या वेळी मी निकाल दिला नाही. गुंडाळी परत गुंडाळली, पहिल्या कडव्यापाशी आणली आणि पुन्हा वाचायला लागले.

आरेता